खूण आणि खात्री

औषध लागू पडले, दुखण्याला उतार पडला आणि माणूस बरा झाला, ही तीन वाक्ये आपण बोलण्याच्या ओघात एकामागून एक सहज उच्चारतो. ऐकणाऱ्यालाही ती एकाच गोष्टीची तीन रूपे वाटतात. वस्तुतः मराठी भाषेने हे तीन शब्दप्रयोग वेगवेगळे राखले आहेत आणि त्यामागे पिढ्यांचे शहाणपण आहे. लागू पडणे म्हणजे औषधाचा शरीरावर काही परिणाम होऊ लागला, एवढेच. उतार पडणे म्हणजे दुखण्याचा जोर ओसरू लागला. बरे होणे ही त्यापुढची, पुष्कळदा फार पुढची अवस्था होय. पहिल्या दोहोंवरून तिसरीची हमी देता येते काय, आणि येत नसेल तर रुग्णाच्या माणसांना नेमके काय सांगावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा आहे. माझ्या मते तो त्याहून अधिक नीतिशास्त्राचा आहे.

कोणत्याही आजाराच्या निमित्ताने हा विचार करता येईल. परंतु एका आजारात तो अत्यंत तीव्रतेने पुढे उभा राहतो. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरते, ती सुटते, रक्तप्रवाहाबरोबर हृदयाच्या उजव्या कप्प्यातून जाते आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकून बसते. डॉक्टर याला पल्मनरी एम्बॉलिझम म्हणतात. एम्बॉलिझम हा शब्द रूढ केला तो जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली आजी, नुकतीच बाळंत झालेली स्त्री, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेला गृहस्थ, अशा कोणावरही हे संकट येऊ शकते. काल संध्याकाळपर्यंत बोलत असलेला माणूस पहाटे उठून न्हाणीघराकडे जातो आणि दारातच कोसळतो. गुठळी लहान असेल तर थोडा दम लागतो, छातीत कळ येते. मोठी असेल तर पुढचा घटनाक्रम फार वेगाने घडतो. हृदयाच्या उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते. कमी दाबाविरुद्ध काम करण्याची तिला सवय असते. समोरची वाट एकाएकी बंद झाली की हा कप्पा फुगतो, मधला पडदा डाव्या बाजूस ढकलला जातो, डाव्या कप्प्यात पुरेसे रक्तच येत नाही आणि सर्व शरीराचा रक्तदाब ढासळतो. वरचा दाब ९० च्या खाली गेला की डॉक्टर त्या रुग्णास सर्वांत धोक्याच्या वर्गात धरतात.

अशा रुग्णास गुठळी विरघळविणारे औषध देतात. स्ट्रेप्टोकायनेज हे त्यांतले जुने, अल्टेप्लेज व टेनेक्टेप्लेज ही नंतरची. स्ट्रेप्टोकायनेजची पंधरा लाख युनिटे तास-दोन तासांत शिरेतून जातात; अल्टेप्लेजचे १०० मिलिग्रॅम साधारण दोन तासांत. आणि मग वाट पाहणे सुरू होते. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख स्मारक वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली निघाले. दोन्ही शहरांत आता खाजगी अतिदक्षता विभागही पुष्कळ झाले आहेत. आजाऱ्याला पवित्र तेल लावण्यासाठी मला या दोन शहरांत रात्री-अपरात्री बोलावणे येत असते. म्हणून त्या काचेच्या दाराबाहेरच्या बाकड्यांशी माझा परिचय जुना आहे. तेथे बसलेली माणसे दार उघडले की उठून उभी राहतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो. "डॉक्टरसाहेब, बाबा आता धोक्याच्या बाहेर हायेत ना?" आणि डॉक्टर आत गेले की तोच प्रश्न माझ्याकडे वळतो : "फादर, वाचतीन ना बाबा?"

या प्रश्नाचे उत्तर त्या घटकेस आतल्या यंत्रावर दिसणाऱ्या चार-दोन आकड्यांतून द्यावयाचे असते. दोन तासांपूर्वी नाडी १३० होती, आता १०० आहे. वरचा दाब ८५ होता, आता ११० आहे. नाडीच्या आकड्यास दाबाच्या आकड्याने भागण्याची एक सोपी रीत डॉक्टरांपाशी आहे. भागाकार एकाहून अधिक आला तर चिंता वाढते, एकाच्या खाली उतरला तर थोडा धीर येतो. वरील उदाहरणात तो दीडवरून ०.९ वर आला. बोटाला लावलेल्या चिमट्यावर प्राणवायूचे प्रमाण ८४ चे ९४ झाले. हातपाय कोमट झाले, लघवी होऊ लागली, आजारी माणूस नावाने हाक मारल्यावर डोळे उघडून पाहू लागला. या झाल्या पहिल्या खुणा. त्यांचा आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु त्या कशाच्या खुणा आहेत?

खूण म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाला जुना आहे. संत ऑगस्टीनने ख्रिस्ती शिकवणुकीवरील आपल्या ग्रंथात खुणांचे दोन वर्ग केले : कोणी हेतुपूर्वक केलेल्या आणि निसर्गतः घडणाऱ्या. निसर्गतः घडणाऱ्या खुणेचे त्याचे उदाहरण धुराचे आहे. धुराला आपणांस काही सांगावयाचे नसते, तरीही तो अग्नीची वार्ता देतो. गंमत अशी, की आपल्याकडील नैयायिकांचे आवडते उदाहरणही तेच. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. सेमिनरीत असताना हे दोन धूर मी दोन वेगवेगळ्या वर्गांत शिकलो आणि त्यांची भेट कोणी घालून दिली नाही. ती पुढे रुग्णालयाच्या बाकड्यावर झाली. नैयायिकांनी मात्र ऑगस्टीनहून एक पाऊल पुढे टाकले आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान चालते. अग्नीवरून धुराचे चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीपासून धूर निघावयाचा तर इंधन ओले असावे लागते. या ओल्या इंधनाच्या अटीला त्यांनी उपाधी म्हटले. जेथे उपाधी दडलेली असते तेथे अनुमान वरून निर्दोष दिसते आणि आतून पोकळ असते.

अतिदक्षता विभागातील जवळजवळ प्रत्येक चांगल्या खुणेपाठीमागे अशी उपाधी दडलेली असते. दाब वाढला, म्हणून गुठळी विरघळू लागली, हे अनुमान केव्हा खरे? दाब वाढविणाऱ्या औषधाची मात्रा वाढविलेली नसेल तेव्हा. शेजारच्या सिरिंज पंपातून नॉरअॅड्रिनॅलिन दुप्पट वेगाने जात असेल, तर वाढलेला दाब त्या पंपाची कामगिरी सांगतो. गुठळीविषयी तो मौन पाळतो. प्राणवायूचा आकडा सुधारला, पण नळी काढून मोठा मुखवटा लावल्यानंतर. शिवाय बोटे गार पडली असतील तर तो चिमटा स्वतःच फसतो. श्वासाचा वेग चाळिसावरून वीसवर आला, ही मोठी चांगली गोष्ट. मात्र छातीचे स्नायू थकून गेले तरीही श्वास मंदावतोच. सर्वांत फसवी खूण नाडीची. नाडी मंदावली आणि दाब चढला, तर हृदयावरचा भार हलका होतो आहे. नाडी मंदावली आणि दाबही उतरला, तर हृदय हार मानीत आहे. आकडा तोच, ९०. एकदा तो घराकडे नेणारा असतो आणि एकदा स्मशानाकडे.

म्हणून जाणता डॉक्टर एका आकड्यावर बोलत नाही. दाब वाढविणारे औषध हळूहळू कमी करून दाब टिकतो का, हे तो पाहतो. हृदयाची इको तपासणी पुन्हा करतो. फुगलेला उजवा कप्पा आक्रसू लागला आहे का, ढकललेला पडदा जागेवर येतो आहे का, हे डोळ्यांनी पाहतो. कार्डिनल न्यूमन यांनी १८७० साली प्रसिद्ध केलेल्या 'ग्रामर ऑफ असेंट' या ग्रंथात मानवी निश्चयाचे जे विवेचन केले आहे ते येथे मला फार पटते. आपला निश्चय एखाद्या बिनतोड पुराव्यावर क्वचितच उभा असतो. एकेकटे दुबळे असलेले अनेक पुरावे एकाच दिशेने झुकू लागले की मन त्यांच्या एकत्रित भाराने निश्चयास येते. नाडी, दाब, श्वास, हातापायांची ऊब, लघवी, इको आणि रुग्णाच्या डोळ्यांतील ओळख, हे सारे एका बाजूस झुकले की डॉक्टरास बोलण्याचा अधिकार येतो. तोवर नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच. सर्व खुणा चांगल्या असल्या, उपाध्या तपासून पाहिल्या, तरी त्यावरून शेवट चांगला होईल असे म्हणता येते काय? या बाबतीत वैद्यकाचा इतिहास विलक्षण उद्बोधक आहे आणि त्यातील दोन-तीन प्रकरणे मी थोडी विस्ताराने सांगणार आहे.

१९६० साली बॅरिट आणि जॉर्डन या दोन इंग्रज डॉक्टरांनी 'लॅन्सेट' मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. फुप्फुसात गुठळी अडकलेल्या काही रुग्णांना रक्त गोठू न देणारी हेपारिनसारखी औषधे द्यावयाची आणि काहींना द्यावयाची नाहीत, असा तो प्रयोग होता. औषध न मिळालेल्या १९ जणांपैकी ५ जण त्याच आजाराने दगावले आणि आणखी ५ जणांना पुन्हा गुठळीचा झटका आला. औषध मिळालेल्या १६ जणांपैकी त्या आजाराने एकही दगावला नाही. एवढे दिसताच औषध न देण्याचा भाग त्यांनी थांबविला. एकंदर रुग्ण ३५. आजच्या संख्याशास्त्रज्ञाला ही संख्या अगदीच तोकडी वाटेल. पण थांबले नसते तर पुढच्या रुग्णास मुद्दाम औषधावाचून ठेवावे लागले असते. येथे पहिल्या खुणेने त्यांच्यावर एक कर्तव्य लादले आणि ते त्यांनी मानले. आजही या आजारात रक्त पातळ ठेवण्याचा उपचार पायाभूत मानला जातो, त्याचे एक मूळ या लहानशा प्रयोगात आहे.

१९९५ साली मेक्सिकोतील डॉक्टरांच्या प्रयोगाने तर याहून लहान आकडा दिला. अतिगंभीर अवस्थेतील ८ रुग्ण. चौघांना स्ट्रेप्टोकायनेज व हेपारिन, चौघांना केवळ हेपारिन. पहिले चौघे पहिल्या तासातच सुधारू लागले आणि जगले. दुसरे चौघे गेले. प्रयोग तेथेच थांबविण्यात आला आणि माझ्या मते त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता. परंतु बारकाईने पाहणाऱ्यास त्यातही एक उपाधी आढळते. जगलेले चौघे आजार सुरू झाल्यावर अवघ्या दोन-अडीच तासांत उपचारास पोहोचले होते. गेलेले चौघे फार उशिरा, दुसरीकडून पाठविलेले असे आले होते. औषधाने वाचविले की वेळेने? बहुधा दोहोंनी. इतके सांगून थांबावे लागते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे १९७० साली युरोकायनेज या औषधाच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रुग्ण १६०. युरोकायनेज दिलेल्या रुग्णांत पहिल्या २४ तासांत गुठळ्या स्पष्टपणे अधिक विरघळल्या. चित्रांत दिसत होते, दाबाच्या मोजमापांत दिसत होते. पहिल्या दिवशी ती चित्रे पाहणाऱ्यास वाटले असेल की प्रश्न सुटला. पाचव्या आणि चौदाव्या दिवसाच्या तपासण्यांत मात्र दोन्ही गटांतला हा फरक मावळत गेला आणि दगावलेल्यांच्या प्रमाणात सिद्ध होण्याजोगा फरक आढळला नाही. शरीराला स्वतःची अशी गुठळी विरघळविण्याची शक्ती असते. ती सावकाश काम करते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत विरघळविणारे औषध मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांच्या हृदयाचा उजवा कप्पा एका दिवसात सुधारला. केवळ हेपारिन मिळालेल्यांतही १७ टक्के सुधारले. या १७ टक्क्यांतील एखाद्याला ते जोरदार औषध दिले गेले असते, तर त्याच्या घरच्यांनी आणि डॉक्टरांनीही सारे श्रेय त्या औषधालाच दिले असते.

आणि २०१४ सालची युरोपातील मोठी चाचणी, ज्यांचा दाब अद्याप टिकून आहे पण हृदयावर ताण आला आहे अशा १,००५ रुग्णांची. सर्वांना हेपारिन होतेच. निम्म्यांना त्याशिवाय टेनेक्टेप्लेज. पहिल्या आठवड्यात मृत्यू येणे किंवा रुग्ण ढासळणे, याचे प्रमाण टेनेक्टेप्लेजमुळे ५.६ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आले. पण मेंदूतील रक्तस्रावाने होणारा पक्षाघात ०.२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर गेला. जे औषध फुप्फुसातली अपायकारक गुठळी विरघळविते ते मेंदूतील एखाद्या बारीक वाहिनीवर धरलेली उपकारक गुठळीही विरघळविते. ते गुठळ्यांत निवड करीत नाही. म्हणजे मॉनिटरवर दाब सुधारत असताना, त्याच औषधाच्या गुणाने, दुसरे संकट निःशब्दपणे चालत येत असू शकते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, हे सारे लंडन-अमेरिकेचे झाले. आमच्या वऱ्हाडाला याचे काय? मला वाटते, पहिल्या खुणेचा प्रश्न वऱ्हाडी माणसाइतका दुसऱ्या कोणास ठाऊक नसेल. मृगाचा पहिला पाऊस पडतो, मातीला वास सुटतो, आणि सरकी किंवा सोयाबीन घेऊन शेतकरी वावरात उतरतो. अकोल्यास १९६९ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आणि कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका. तरीही पहिल्या सरीवर पेरणी होते. मग पावसाची उघडीप पडते, कोंब करपतात आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज. यात शेतकऱ्याला मूर्ख ठरविणे फार सोपे आहे आणि ते अन्यायाचेही आहे. थांबण्यालाही किंमत असते. उशिरा पेरले तर उतारा घटतो. पहिल्या सरीवर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हा त्याच्यासाठी केवळ ज्ञानाचा प्रश्न नसतो, घर चालविण्याचा असतो. रुग्णालयाच्या बाकड्यावर बसलेला माणूस पुष्कळदा तोच असतो आणि तेथेही त्याच्यापुढे तोच प्रश्न वेगळ्या वेषात येतो.

२०२१ च्या फेब्रुवारीची आठवण येथे काढणे भाग आहे. त्याआधीच्या काही आठवड्यांत करोनाचे आकडे देशभर उतरले होते आणि साथ संपली असे सर्वत्र बोलले जात होते. तेव्हा दुसऱ्या लाटेची पहिली झळ बसलेल्या भागांत अमरावती आणि अकोला होते. अमरावती व अचलपूर या शहरांत त्या महिन्याच्या अखेरीस पुन्हा टाळेबंदी लागली. त्या दिवसांत घरोघरी बोटाचे चिमटे आले आणि डी-डायमर हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. कारण करोना फुप्फुसाच्या वाहिन्यांत गुठळ्या धरवितो, हे तोवर सर्वांना कळले होते. डी-डायमरचा आकडा उतरला की घरचे लोक सुटकेचा श्वास घेत. हेपारिनची पूर्ण मात्रा सर्वांनाच द्यावी असा आग्रहही पुष्कळ होता. त्याच वर्षी अनेक देशांतील एकत्रित चाचण्यांचे निष्कर्ष आले : मध्यम आजारी रुग्णांना पूर्ण मात्रेचा लाभ झाला, अत्यवस्थ रुग्णांना झाला नाही. रोग तोच, गुठळ्या त्याच, औषध तेच.

इतके सारे ध्यानात घेतल्यावर, दार उघडून बाहेर येणाऱ्या डॉक्टराने काय बोलावे? दोन वाटा सोप्या आहेत आणि दोन्ही मला चुकीच्या वाटतात. पहिली, "काळजी करू नका, वाचला तुमचा माणूस." हे वाक्य दयेपोटी उच्चारले जाते. परंतु रात्री तीन वाजता दुसरी गुठळी सुटली की तेच वाक्य त्या घराच्या काळजात सुरीसारखे फिरते. मरणाच्या दुःखात फसवणुकीचे दुःख मिसळते. दुसरी वाट हल्ली अधिक रुळलेली आहे. "अठ्ठेचाळीस तास काहीच सांगता येत नाही." याला लोक प्रामाणिकपणा समजतात. कधीकधी तो असतोही. पण डॉक्टरास जे दिसले आहे ते न सांगता, पुढे कोणी जाब विचारू नये म्हणून हे वाक्य ढालीसारखे धरले जाते, तेव्हा त्यात सत्यनिष्ठा नसते. एका रात्री एका रुग्णालयात (त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही) मी पाहिले, आतल्या परिचारिकेस ठाऊक होते की दाबाचे औषध निम्म्यावर आणले आहे आणि दाब टिकला आहे. बाहेर रुग्णाची पत्नी मात्र पहाटेपर्यंत अंत्यविधीच्या तयारीचा विचार करीत बसली होती. चांगली खूण सांगण्याइतकी पक्की झाली असताना ती दडवून ठेवणे हेही असत्यच आहे.

मग सत्य कोणते? जे दिसले ते, त्याच्या उपाधीसकट. "दाब वाढला आहे. औषध कमी करूनही टिकला आहे, ही चांगली गोष्ट आहे. गुठळी पूर्ण गेलेली नाही. उद्या सकाळपर्यंत रक्तस्रावाची भीती आहे, म्हणून आम्ही लक्ष ठेवून आहोत. सकाळी इको करू आणि तुम्हाला सांगू." एवढी पाच-सहा वाक्ये. दहावी नापास माणसालाही ती समजतात. पावसाची उघडीप ज्याला समजते त्याला हे न समजण्यासारखे काय आहे? संत थॉमस अॅक्विनसने आशेच्या विषयाची चार लक्षणे सांगितली आहेत : तो चांगला असतो, भविष्यातला असतो, मिळण्यास कठीण असतो आणि मिळणे शक्य असते. यांतले कठीण हे लक्षण काढून टाकले की आशेची खात्री बनते आणि मग ती आशा राहत नाही. शक्य हे लक्षण काढले की निराशा उरते. वरची सोपी वाक्ये पाहिली तर पहिल्याने कठीणपण पुसले आहे आणि दुसऱ्याने शक्यता. काळजी करू नका असे धर्मगुरूनेही म्हणावे अशी लोकांची अपेक्षा असते, परंतु ज्या गोष्टीचे ज्ञान मला नाही तिची हमी परमेश्वराच्या नावाने देण्याचा अधिकार मला कोणत्याही संस्काराने दिलेला नाही. मी त्यांच्याजवळ बसू शकतो, प्रार्थना करू शकतो आणि डॉक्टरांनी नेमके काय सांगितले ते पुन्हा सावकाश सांगू शकतो. हे तिसरे काम पुष्कळदा सर्वांत उपयोगी पडते.

आता खूण न दिसण्याविषयी. येथे चूक अधिक महागात पडते आणि तिच्याविषयी बोलणे कमी होते. औषध जाऊन चार तास झाले, दाब वाढला नाही, की बाकड्यांवर कुजबुज सुरू होते : औषध लागू पडले नाही, आता कशाला पैसा घालवायचा. परंतु लोखंडाच्या तापलेल्या गोळ्याची आठवण ठेवावी. स्ट्रेप्टोकायनेज तर जाता जाता स्वतःच दाब थोडा पाडते. फ्रान्समध्ये अशा उपचाराच्या ४८८ रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांत औषधास दाद न देणारे रुग्ण ४० निघाले, म्हणजे शेकडा आठांच्या आसपास; आणि ते दाद देत नाहीत असे ठरविण्यापूर्वी त्या डॉक्टरांनी ३६ तास वाट पाहिली होती. त्या ४० पैकी ज्या १४ जणांवर शस्त्रक्रिया करून गुठळी काढली गेली, त्यांतील बहुतेकांची पुढची वाटचाल सुरळीत झाली. म्हणजे पहिल्या काही तासांतले मौन हा निकाल नव्हे आणि ३६ तासांनंतरचे मौनही अंतिम निकाल नव्हे.

अर्थात अशी शस्त्रक्रिया आपल्याकडे हाताशी नसते. नागपूर अमरावतीपासून दीडशे किलोमीटर, अकोल्यापासून अडीचशेच्या घरात. ढासळलेल्या दाबाचा माणूस रुग्णवाहिकेत घालून तितके अंतर नेणे म्हणजे त्याचा जीव रस्त्यावर पणाला लावणे, आणि न नेणे म्हणजे येथेच पणाला लावणे. पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात एक तत्त्व मांडले : जीव राखण्यासाठी सामान्य साधने वापरण्यास मनुष्य बांधलेला आहे, स्वतःवर किंवा इतरांवर अतोनात भार टाकणाऱ्या असामान्य साधनांस तो बांधलेला नाही. आणि सामान्य काय, हे व्यक्ती, स्थळ, काळ आणि परिस्थितीवर अवलंबून असते, असेही त्यांनी म्हटले. मुंबईतील माणसास जे सामान्य, ते दर्यापूरच्या तीन एकरवाल्यास असामान्य असू शकते. म्हणून शेत न विकणाऱ्या मुलाला कोणी पितृघातकी म्हणू नये. मात्र खूण दिसली नाही म्हणजे आता काही करण्यासारखे उरलेच नाही, असे कोणी त्याला सांगितले असेल आणि त्या शब्दावर त्याने वडिलांना घरी नेले असेल, तर तो निर्णय त्याचा राहिला नाही. खोट्या माहितीवर घेतलेल्या निर्णयाचा भार पुढे आयुष्यभर त्यानेच वाहावयाचा असतो, ही यातली क्रूरता.

जे वाचतात त्यांच्याबाबतीत पहिल्या खुणेचा मोह आणखी एकदा येतो, तो घरी गेल्यावर. दम लागत नाही, भूक लागते, चालता येते. रक्त पातळ ठेवण्याची गोळी निदान तीन महिने घ्यावयाची असते आणि गुठळीचे कारण सापडले नसेल तर पुष्कळदा त्याहून अधिक काळ. जुन्या पद्धतीची गोळी असेल तर ठराविक दिवसांनी रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. मार्चमध्ये आजारी पडलेल्याचे तीन महिने जूनमध्ये पुरे होतात, म्हणजे नेमके पेरणीच्या तोंडाशी. बियाण्याचे पैसे जुळवावयाचे असतात; गोळीचे आणि तपासणीचे पैसे तेथेच वळतात. "बरं वाटून रायलं ना आता, मंग कायले गोळ्या?" हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला आहे आणि तो विचारणाऱ्याचा चेहरा तेव्हा खरोखरच तजेलदार असतो. मी त्याला एवढेच विचारतो, की गोळी बंद करायला कोणी सांगितले? तो हसतो आणि म्हणतो, कोणीच नाही. मग आम्ही दोघे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची तारीख वाचतो, आणि पुढच्या तपासणीसाठी अकोल्याची सकाळची बस किती वाजता आहे याची चौकशी करतो.